डाव्या हातावरचा आकडा

११ मे. सकाळी उठल्यावरचं पहिलं काम, ह्यांचा डावा हात धुणं. पाणी आदल्या रात्रीच उकळून झाकून ठेवलेलं असे. आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही, आणि टाकीत साठवलेलं पाणी ओल्या कातडीवर घालायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आधी आपले हात साबणानं धुवायचे. मग लहान बाळांचा साबण बोटांवर फेसायचा आणि तो नुसता फेस आकड्यांवरून फिरवायचा. चोळायचं नाही. वरून पाणी सोडायचं, जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या तुकड्यानं टिपायचं, हवेवर सुकू द्यायचं. शेवटी मलम, तेही इतकं पातळ की लावलं की नाही कळू नये. जास्त मलमानं खपली भिजते आणि शाई घेऊन निघते, असं टॅटू काढणाऱ्यानं बजावलं होतं.

ह्यांच्या हातावर माझा मोबाईल नंबर गोंदवलेला होता. मनगटापासून कोपराकडे दहा इंग्रजी आकडे, चष्मा नसलेल्या माणसालाही वाचता येतील असे ठळक. आठवडा होत आला होता. लाली उतरली होती, आकड्यांवर काळसर पापुद्रे धरले होते आणि खाज सुटली होती. धोक्याचे दिवस हेच असतात. खपली आपणहून गळून पडली की नंबर पक्का झाला. त्याआधी कोणी ओढून काढली तर तिच्यासोबत आकडाही जातो.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे. साठी नुकतीच उलटली आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी फारसा फरक पडणार नाही हेही सांगितलं. ते त्यांनी बरं केलं. आशेवर औषधांचे डबे साठवणारी घरं मी पाहिली आहेत.

मार्चमध्ये हे दुपारी घरातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेच्या फलाटावर मिळाले. स्टेशनवर समोर आली त्या गाडीत चढले असणार. तिथल्या पोलिसानं नाव विचारलं, ते बरोबर सांगितलं. पत्ता विचारला तर म्हणाले, "बाजारात."

"कोणत्या बाजारात?"

"जिथं काटा हाये तिथं."

आमच्या बाजारातला एक जुना हमाल लग्नाला चालला होता, त्यानं ह्यांना ओळखलं, म्हणून मला फोन आला. तो आदल्या गाडीनं गेला असता तर हे आज कुठे असते, मला माहीत नाही.

त्याआधी बाकीचं सगळं करून झालं होतं. खिशात चिठ्ठी ठेवली, ती त्यांनी तंबाखू बांधायला वापरली. गळ्यात नंबर कोरलेला बिल्ला घातला, तो कोणाला तरी देऊन आले. शर्टाच्या कॉलरला आतून नंबर शिवला, तर चांदूरला ते भलत्याच कोणाचा तरी टी-शर्ट घालून बसलेले. अंगावरची प्रत्येक वस्तू निघते. कातडी तेवढी निघत नाही, असा आमचा हिशोब.

टॅटूची कल्पना लेकीची. ती अमरावतीला असते, तिथंच राजापेठेकडे एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत हे काम करणारा माणूस तिनं शोधला. स्वच्छ होता. हातमोजे घातले, सुई आमच्यासमोर पाकिटातून काढली. नंबर ऐकून त्यानं विचारलं, "काकू, काकांची मर्जी आहे ना?"

"काकांनाच विचारा."

त्यानं विचारलं, "काका, हातावर लिहू का?"

ह्यांनी डाव्या हाताची बाही आपणच वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "लिही. पण सावकाश पुकार. घाईत मांगचं पुढं होते."

सुई टोचू लागली तेव्हा थोडे आखडले, पण हात हलवला नाही. मध्येच विचारलं, "किती कट्टे झाले?"

त्याचा पाचवा आकडा चालू होता. "पाच झाले, काका."

"तूर हाये का सोयाबीन?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तूर," मी सांगितलं.

"मंग वाळेल हाये का पाह्यजो आधी. ओली तूर काट्यावर खोटं बोलते."

तो हसला, लेक हसली. मीही हसले असेन. हे बाजार समितीत मापारी होते. शेतमालाचे कट्टे काट्यावर चढवले की वजन पुकारायचं आणि लिहून घ्यायचं, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. घराचा रस्ता गेला, नातवाचं तोंड गेलं, पण काटा डोक्यातून गेला नाही. डावा हात आम्ही एवढ्यासाठी निवडला होता की तो चटकन दिसतो आणि आतल्या बाजूला कातडी उजळ असते. पण त्यांनी न सांगता तोच हात पुढे का केला, हे तेव्हा तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

घरी आलो तर शेजारच्या वहिनी फाटकातच भेटल्या. हात पाहून म्हणाल्या, "जनावराच्या कानाले बिल्ला मारते तसं माणसाले मारलं तुमी."

"बिल्ल्याचं जनावर घरी तरी येते वहिनी."

"हळद लावा मंग त्याच्यावर. पिकाचं नाई."

"हळद लावायची नाही."

"लोणी?"

"काहीच लावायचं नाही. पाहायचं बी नाही."

त्या रागावून आत गेल्या. मला वेळ नव्हता.

त्याच संध्याकाळी हातावरचा पातळ प्लास्टिकचा कागद काढला, हात धुऊन दिला आणि मी कणीक भिजवायला बसले. मोरीतून आवाज आला म्हणून पाहिलं, तर हे बोटाला थुंकी लावून लावून आकडे घासत होते.

"काहून पुसून राहिले तुमी?"

"कागदावर उतरवलं ना? मंग? आजचं वजन हातावर ठेवून उद्या काट्यावर जाऊ का म्या?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काट्यापाशी गर्दी झाली, कागद हाताशी नसला, की मापारी वजन हातावर लिहितो. उजव्या हातात पेन, डाव्या हाताची पाटी. मग सवड मिळाली की ते काटापट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या वजनाच्या कागदावर उतरवतो आणि हात पुसून टाकतो. पुसलाच पाहिजे. एका शेतकऱ्याचं वजन हातावर राहिलं आणि दुसऱ्याच्या मालात गेलं तर मापाऱ्याची इभ्रत जाते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या डाव्या बाह्यांना आतून निळे डाग असत आणि मी ते घासत असे. आकडा कधी पाहिला नाही, कारण घरी येताना हात नेहमी साफ. असा माणूस, आणि आम्ही बरोबर त्याच जागी दहा आकडे कायमचे लिहून आणले होते.

समजावण्यात अर्थ नव्हता. हा तुमच्या घराचा नंबर आहे म्हटलं तर मान हलवत आणि पाच मिनिटांनी मोरीकडे निघत. कापड गुंडाळलं तर ते सोडून पाहत. शेवटी मला जे सुचलं ते मी केलं. ते म्हणाले, "उतरवलं का?" मी म्हणाले, "नाही उतरवलं. शेतकरी यायचा हाये."

ते लगेच थांबले. न उतरवलेलं वजन मापारी पुसत नाही. बाही खाली केली, हात छातीशी धरला आणि येऊन खुर्चीत बसले. त्या दिवसापासून हाताला दुसऱ्याचं बोट लागू देईनात. खाज सुटली तरी खाजवेनात, नुसते फुंकर घालत. कूलरसमोर बसू नका म्हटलं, पॅडमधली धूळ उडते, तर तेही ऐकलं. टॅटूची एवढी काळजी कोणी तरण्या पोरानं घेतली नसती.

पण शेतकरी यायचा होता म्हणजे त्याची वाट पाहणं आलं. सकाळी चहा झाला की हे फाटकापाशी स्टूल टाकून बसत. मेमधलं अकोला, दहा वाजता लोखंडी फाटकाला हात लागत नाही. ओढून आत आणलं की म्हणत, "तो बिचारा उन्हात उभा असन. त्याची गाडी अडकली असन माया पायी." जेवण समोर ठेवलं तर ताट सरकवून देत. "मानूस उपाशी हाये अन् म्या जेवू?" मग उठत आणि त्याला शोधायला निघत. मी छत्री घेऊन मागे. एकदा चौकातून आणलं, एकदा पार पेट्रोल पंपाच्या पुढून. ते हरवू नयेत म्हणून नंबर, नंबर टिकावा म्हणून शेतकरी, आणि शेतकऱ्यापायी ते रोज घराबाहेर. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी एवढंच धरून होते की खपली एकदा पडू द्यावी, मग खुशाल उतरवलं म्हणावं आणि खुशाल घासू द्यावं. तेव्हा शाई जाणार नव्हती.

तर ११ मे. हात धुतला, सुकवला, मलम लावलं. मनगटाकडच्या दोन आकड्यांची खपली आपणहून सुटली होती आणि खाली काळी रेघ स्वच्छ बसली होती. उरलेल्या अजून घट्ट होत्या.

दुपारच्या बसनं लेक आली. हे फाटकापाशीच होते. तिला त्यांनी विचारलं, "तुमच्या वडलायचा माल हाये का? त्यायले पाठवा ना बापा. दोन दिवसापासून उतरवाचं राहिलं." मुलीला ते अहो-जाहो करू लागले होते, हे तिला नवं होतं. ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, त्यांचे ओठ फुटले आहेत."

"पाणी पीत नाहीत. शेतकरी प्याला नाही म्हणतात."

"किती दिवस बसवशील असं?"

"खपली पडेलोक."

"आणि तोवर काही झालं म्हणजे?"

"तोवर मी हाये ना मागं मागं. तू अमरावतीहून येतं का छत्री धरायला?"

मी बोलले ते खरं होतं, पण ते बोलण्याची गरज नव्हती. मी तिला वरण-भात वाढला. तिनं बापाला भरवून पाहिलं. त्यांनी दोन घास घेतले, तेही ती कोणाच्या तरी घरची पाहुणी आहे म्हणून, मन मोडू नये म्हणून.

संध्याकाळी नळ आला. नळ आला की आमच्या गल्लीत कोणी कोणाचं नसतं. मी पाईप लावला, ड्रम, मग बादल्या, मग पिण्याच्या पाण्याचे पितळी गुंड. वहिनींचा पाईप गळत होता, त्यावरून बोलणं झालं. लेकीला सांगून गेले होते, बाबांकडे लक्ष ठेव.

तिनं ठेवलंही. तिनंच नंतर सांगितलं. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, डावा हात उजव्या हातानं सांभाळून, आणि रडत होते. शेतकरी मेला असन, म्हणत होते, नाहीतर आला असता. तिच्यानं ते पाहवलं नाही. ती म्हणाली, "बाबा, उतरवलं. तो येऊन गेला. पट्टी घेऊन गेला."

"खरं?"

"खरं."

"वजन बरोबर होतं म्हने का?"

"बरोबर होतं म्हणाला. खूश होऊन गेला."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, कितीतरी महिन्यांनी फिरवला. मग ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला वळली, आणि हे न्हाणीघरात गेले.

मी भरलेला गुंड घेऊन आत आले तेव्हा ते टॉवेलनं हात पुसत बाहेर येत होते. आत टाचा घासायची वजरी आणि कपड्यांचा साबण खाली पडलेला, फरशीवर गुलाबी पाणी. चेहरा असा की बाजार संपवून घरी आलेला माणूस. "झालं साफ," म्हणाले. "वाढ."

हात रक्ताळला होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं. लेक दाराशी उभी राहून रडू लागली. "रडण्यानं आकडा परत येत नाही," मी तिला म्हटलं. "तो कापूस दे." जखम धुतली, टिपली, मलम लावलं. त्यांना दुखत असणार, पण ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाई, तुमचा हात हलका हाये." दोन भाकरी जेवले आणि झोपले. त्या आठवड्यात एवढं शांत झोपलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

फोटो काढून लेकीनं त्या टॅटूवाल्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "काकू, आता काही करता येणार नाही. पूर्ण भरू द्या. दीड-दोन महिन्यांनी पाहू. पण तिथे व्रण धरला तर शाई पसरते, आकडा नीट बसणार नाही. दुसऱ्या हातावर घेऊ."

"दुसऱ्या हातावर घेतला तर ते तोही पुसतील."

"मग पाठीवर?"

"पाठीवरचा नंबर कोण पाहणार, बाबू?"

त्याची चूक नव्हती, त्यानं काम चांगलं केलं होतं. लेक म्हणाली, "मी सांगायला नको होतं." मी म्हणाले, "नको होतं." कापूस गोळा करता करता म्हणाले, "मीही उद्या-परवा सांगितलंच असतं." हे तिला बरं वाटावं म्हणून बोलले नाही. फाटकापाशी त्यांना तसं बसलेलं मीही आणखी फार दिवस पाहू शकले नसते.

सकाळी, लेक पहिल्या बसनं गेल्यावर, मी उजेडात हात नीट पाहिला. नऊ आकडे टिकतील असं वाटत होतं. कुठे रेघ तुटली होती, पण वाचता येत होतं. एका इंग्रजी आठाची डावी बाजू मात्र साफ निघाली होती आणि उरला होता तो पाहणाऱ्याला तीन वाटणार होता. अख्खा आकडा गेला असता तर बरं झालं असतं. अर्धवट नंबर पाहून माणूस दुसरा काही मार्ग काढतो, पोलिसांकडे नेतो. पूर्ण नंबर पाहून तो फोन लावतो, राँग नंबर ऐकतो आणि मोकळा होतो.

मी चष्मा लावला, हातावर दिसत होता तसा नंबर, तीन धरून, माझ्या मोबाईलवर दाबला. रिंग गेली. बऱ्याच वेळानं एका माणसानं उचलला, मागे गाडीचं इंजिन चालू होतं.

"कोन?"

मी सगळं सांगितलं. माझ्या माणसाला आठवत नाही, त्याच्या हातावर नंबर आहे, तो चुकून तुमचा झाला आहे, कोणाचा फोन आला की असा असा माणूस सापडला तर त्याला माझा नंबर द्या.

"माया नंबर तुमच्या घरवाल्याच्या हातावर? कोनं लिवला?"

मी पुन्हा सांगितलं. तो ऐकून घेत होता. मध्ये कोणाला तरी म्हणाला, मांगं सरक, सीट हाये. मग मला म्हणाला, "बाई, म्या धारणीकडे जीप चालवतो. इकडे टॉवर कधी भेटते, कधी नाई भेटत. फोन आला तं सांगीन."

"एवढं केलं तरी पुष्कळ झालं, भाऊ."

"पण हे सिम म्या बंद करून राहिलो पुढच्या महिन्यात. मंग कोनाले भेटन हा नंबर, काय मालूम."

मी बरं म्हटलं. त्यानं "काळजी घ्या त्यायची" म्हटलं आणि ठेवला.

हे समोर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर उताणा. आकड्यांकडे पाहत होते. म्हणाले, "उतरवलं का?"

"उतरवलं," मी म्हणाले.

या वेळी मोरीकडे न निघता, बाजार संपल्यासारखी त्यांनी बाही खाली ओढली. मनगटाचं बटण त्यांना लागेना, ते मी लावून दिलं.